लांबच्या रस्त्याची मोटारसायकल : वाचकांचे प्रश्न, सल्लागाराची उत्तरे

लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल घेणे, ती सांभाळणे आणि तिचा विमा उतरवणे या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून सात पत्रे येथे घेतली आहेत. अपघातग्रस्त वाहनांच्या सर्वेक्षणाचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि रजेचे दिवस मोटारसायकलवरच काढले आहेत. त्यामुळे गाडीचा प्रश्न आणि कागदाचा प्रश्न मला वेगवेगळे दिसत नाहीत. पहिल्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत कमी लोक ती विचारतात.

प्रश्न : माझ्या पतींनी सहा महिन्यांपूर्वी २०२२ सालची, ४११ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन वापरलेली विकत घेतली. आरसी बुक त्यांच्या नावावर झाले आहे. मूळ मालकाने दिलेल्या पॉलिसीवर २०२७ पर्यंतची मुदत छापलेली आहे, म्हणून विम्याची काळजी नको, असे ते म्हणतात. येत्या जूनमध्ये आम्ही दोघे मनालीमार्गे लेहला जाणार आहोत. मी मागे बसणार आहे. मला काही झाले तर या पॉलिसीतून काही मिळेल का?
(एक वाचिका, रत्नागिरी)

ताई, आज आहे त्या स्थितीत बहुधा काहीही मिळणार नाही, आणि तुमच्या पतींनाही मिळणार नाही. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही, पण जूनपर्यंत हाती वेळ आहे आणि यातली प्रत्येक उणीव भरून काढता येते.

आधी त्या २०२७ सालाविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला सगळे ‘ओन डॅमेज’ म्हणतात, तो मात्र बहुतेक ग्राहक पहिल्या एका वर्षाचाच घेतात. हे दोन्ही विमे एकाच कागदावर, शेजारशेजारच्या चौकटींत छापलेले असतात आणि वाचणाऱ्याची नजर स्वाभाविकपणे दूरच्या तारखेवर थांबते. तुमच्या कागदावर ओन डॅमेजची तारीख २०२३ मधली असण्याची शक्यता फार मोठी आहे. तसे असेल तर गाडी चोरीला गेली, पेटली किंवा दरीत गेली तरी तिची भरपाई मिळणार नाही. थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या हानीसाठी असतो. त्यात मृत्यू किंवा दुखापत झाल्यास भरपाईला वरची मर्यादा नसते, मालमत्तेच्या नुकसानीला दुचाकीच्या बाबतीत १ लाख रुपयांची मर्यादा असते.

दुसरी गोष्ट नावाची. आरसी तुमच्या पतींच्या नावावर झाली, पण पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे वाहनाबरोबर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते, आणि नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. ही आपोआप जाण्याची सोय ओन डॅमेजला लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे जुन्या मालकाने ओन डॅमेजचे नूतनीकरण करत ठेवले असते, तरी आज अपघात झाल्यास तो दावा तुमच्या पतींना करता आला नसता. जुनी गाडी घेणारी माणसे आरटीओच्या कामामागे महिनाभर धावतात आणि पॉलिसीचा कागद डिकीत ठेवून विसरून जातात. मी पाहिलेल्या नाकारलेल्या दाव्यांत या चुकीचे दावे पुष्कळ होते.

तिसरी गोष्ट वैयक्तिक अपघात विम्याची. कायद्याने बंधनकारक असलेला १५ लाख रुपयांचा हा विमा ‘मालक-चालक’ या एकाच व्यक्तीसाठी असतो, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आणि पॉलिसी दोन्ही आहेत आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे अशा माणसासाठी. तुमच्या पॉलिसीवर तो अजून चालू असला तरी जुन्या मालकाच्या नावाने आहे. शिवाय मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तरच त्यातून रक्कम मिळते, रुग्णालयाचे बिल त्यातून मिळत नाही.

आता तुमच्याविषयी. डबलसीट बसलेली व्यक्ती ‘थर्ड पार्टी’ असतेच, असा सर्वसाधारण समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात सांगितले की, केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीच्या मागच्या सीटवर बसलेल्या व्यक्तीची जोखीम येत नाही. त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की, समावेशक पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या, लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या पॉलिसीत, मागे बसणाऱ्याविषयीची जबाबदारी धरलेली आहे. या दोन वाक्यांमधले अंतर तुमच्यासाठी फार मोठे आहे, आणि आज तुम्ही त्याच्या चुकीच्या बाजूला आहात.

तेव्हा पुढील कामे याच क्रमाने करा. पॉलिसी पतींच्या नावावर करून घ्या. त्यासाठी नवे आरसी, जुनी पॉलिसी आणि ठरलेले किरकोळ शुल्क लागते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, कारण तो गाडीला नसून माणसाला असतो, त्यामुळे कुणी दलाल तो दाखवून हप्ता कमी करून देत असेल तर नकार द्या, कारण पुढे याच मुद्द्यावर दावा अडतो. त्यानंतर ओन डॅमेज घ्या. सप्टेंबर २०१९ पासून तो स्वतंत्रही मिळतो, मात्र मधे खंड पडलेला असल्याने कंपनी गाडीची पाहणी करील. ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी या दोन पॉलिसी वेगवेगळ्या कागदांवर असतील, तर मागे बसणाऱ्याची जबाबदारी नेमकी कोणत्या कागदात धरली आहे हे कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. पतींच्या नावाने मालक-चालक विमा घ्या, आणि मागच्या सीटसाठी मिळणारा अनामिक सहप्रवाशाचा वैयक्तिक अपघात विमा जोडून घ्या. त्याचा हप्ता तुमच्या प्रवासातल्या दोन वेळच्या जेवणापेक्षा फारसा जास्त नसतो. शेवटी दोघांच्याही आरोग्य विम्याची मुदत प्रवासाच्या मधेच संपत नाही ना, एवढे पाहा.

गाडी रत्नागिरीहून रेल्वेने उत्तरेत पाठवण्याचा विचार असेल तर एक दिलासा आहे. रस्ता, रेल्वे, जलमार्ग किंवा विमान यांतून नेताना गाडीचे झालेले नुकसान ओन डॅमेजमध्ये धरलेले असते. रेल्वेला देताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. वेष्टन गुंडाळण्यापूर्वी चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवा.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगून ठेवतो. मनाली सोडल्यावर तांदीच्या पेट्रोलपंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक आहे. या गाडीच्या टाकीत १५ लिटर पेट्रोल मावते आणि एकट्याने, सपाट रस्त्यावर तेवढे पुरूनही उरते. दोन माणसे, सामान, पाच हजार मीटरवरच्या खिंडी आणि नाल्यांतून पहिल्या गिअरवर काढलेले तास धरले तर मात्र हिशेब इतका काठावर येतो की पाच लिटरचा धातूचा डबा बरोबर घेतलेला बरा.

प्रश्न : माझ्या ३४९ सीसीच्या मोटारसायकलचा चेन-स्प्रॉकेट सेट १४ हजार किलोमीटरलाच संपला. मी दर रविवारी चेन पेट्रोलने स्वच्छ धुतो आणि भरपूर ग्रीस लावतो. मेकॅनिक म्हणतो की कोकणच्या हवेत असेच होणार. हे खरे आहे का?
(एक वाचक, कुडाळ)

हवेचा वाटा आहे, पण मोठा वाटा पेट्रोल आणि ग्रीस यांचा आहे. आपण ज्या निष्ठेने चेन धूत आहात तीच तिला बाधली, हे वाचून वाईट वाटेल, म्हणून कारण नीट समजावून सांगतो.

आताच्या बहुतेक मोठ्या मोटारसायकलींना ओ-रिंगची चेन असते. तिच्या प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश यांच्यामध्ये कारखान्यातच वंगण भरलेले असते आणि ते बाहेर पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना रबराची बारीक कडी बसवलेली असते. चेनचे आयुष्य म्हणजे खरे तर या कड्यांचे आयुष्य होय. पेट्रोलने रबर फुगते, मग आक्रसते आणि चिरते. तारेचा ब्रश ते कापतो. एकदा कडी गेली की आतले वंगण बाहेर येते, पाणी आत जाते आणि सांधा आतल्या आत झिजून चेन ‘लांबते’. बाहेरून लावलेले ग्रीस त्या सांध्यापर्यंत पोहोचत नाही. ते दाट असल्यामुळे आपल्याकडची लाल माती आणि किनाऱ्याची वाळू धरून ठेवते, आणि चेन फिरू लागली की तोच लेप स्प्रॉकेटच्या दातांवर कानशीसारखा चालतो.

त्याऐवजी रॉकेल किंवा चेनसाठी मिळणारा क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा, फडक्याने पूर्ण पुसा, आणि चेन गरम असताना, म्हणजे फेरी मारून आल्यावर, आतल्या बाजूने चेन ल्यूब किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल पातळ लावा. ते रात्रभर मुरू द्या आणि सकाळी जास्तीचे पुसून टाका. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, आणि दिवसभर पावसात चालवली असेल तर त्याच संध्याकाळी, हे करावे. पावसाळ्यात मुक्कामी पोहोचल्यावर स्वतःचे कपडे बदलण्याआधी चेनवर तेल घालणारे जुने स्वार मी पाहिले आहेत आणि त्यांचे सेट ३० हजारांच्या पुढे गेलेलेही पाहिले आहेत.

हे करताना गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा. इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरवर चाक फिरते ठेवून चेन पुसण्याची पद्धत अनेक गॅरेजांत दिसते. फडके चेनमध्ये ओढले जाते आणि त्याच्या पाठोपाठ बोटे जातात. माझ्या परिचयातल्या एका कुशल कारागिराची दोन बोटे अशीच गेली. घाई कितीही असली तरी इंजिन बंदच ठेवा.

ताणाविषयी. चेनला किती ढील असावी ते गाडीच्या हस्तपुस्तिकेत दिलेले असते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत तिची सर्वांत घट्ट जागा शोधा आणि माप तिथे घ्या. सैल चेन आवाज करते म्हणून लक्षात येते, घट्ट चेन गप्प राहून गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर ताण आणते. दोन माणसे आणि सामान बसले की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी ‘जरा कसून द्या’ असे मेकॅनिकला कधीच सांगू नये. झीज ओळखायची असेल तर मागच्या स्प्रॉकेटवर अगदी पाठीमागे चेन बोटांत धरून ओढून पाहा. ती दातावरून बरीच उचलली जाऊन दाताचा अर्धा भाग दिसू लागला, तर सेट बदलण्याची वेळ झाली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकाच वेळी बदलावीत, कारण जुने दात नवी चेन लवकर खातात.

समुद्रालगत राहत असल्याने आणखी दोन जागा पाहत चला. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना खाऱ्या हवेत अडकतात, मग एकच पॅड झिजते आणि ब्रेक तापतो, म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्या काढून साफ करून घ्याव्यात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, आणि ओल शिरलेले ऑइल आंबोलीसारख्या लांब उतारावर तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन लीव्हर पोकळ लागतो. गाडी कितीही कमी चालली तरी दर दोन वर्षांनी ते बदला. टायरचे वयही पाहा. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा.

प्रश्न : दौऱ्यांसाठी ३५० सीसीच्या आतली गाडी घ्यावी की त्याहून मोठी? खर्चात खरोखर किती फरक पडतो?
(एक वाचक, पुणे)

३५० सीसी ही रेघ अभियंत्यांपेक्षा कायद्याने जास्त ठळक केली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के आणि त्यापुढच्या दुचाकीवर ४० टक्के जीएसटी आहे. थर्ड पार्टी हप्त्याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १५० ते ३५० सीसीच्या गाडीला वर्षाला १,३६६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,८०४ रुपये आहेत, नव्या गाडीच्या पाच वर्षांच्या एकरकमी हप्त्यात हेच आकडे ७,३६५ आणि १५,११७ होतात, आणि त्यावर कर वेगळा. मोठ्या गाडीचे टायर महाग, चेन सेट महाग, आणि शीतक द्रव असलेले इंजिन असेल तर देखभालीत आणखी एक कलम वाढते.

मोठ्या इंजिनाची गरज वेगासाठी सांगितली जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, आणि चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ताम्हिणी, वरंध, आंबा घाट किंवा कोकणातले आतले रस्ते यांवर एकट्याने वा दोघांनी जाण्यासाठी ३४९ सीसीचे इंजिन पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दरवर्षी सामानासह हिमालयात जाणाऱ्याची, खडकाळ रस्त्यावर उभ्याने गाडी चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला लांब सस्पेन्शन आणि २१ इंची पुढचे चाक यांचा खरा उपयोग होतो. जी गाडी थांबलेली असताना आपल्या दोन्ही पायांनी सांभाळता येते आणि आडवी झाली तर एकट्याने उचलता येते ती आपली गाडी. दुकानात ही परीक्षा घेऊन पाहायला कुणीही हरकत घेत नाही.

प्रश्न : पुराचे पाणी आमच्या वाहनतळात शिरून मोटारसायकल सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी मी सेल्फ मारला, इंजिन एकदा खडकन वाजले आणि अडकले. फुल इन्शुरन्स असूनही कंपनीने बाकीचे नुकसान मंजूर करून इंजिनाचा खर्च ‘परिणामी हानी’ म्हणून नाकारला. दाद मागता येईल का?
(एक वाचक, सांगली)

येईल, पण सगळेच मिळेल अशी आशा मी लावणार नाही. पूर ही ओन डॅमेजमध्ये धरलेली आपत्ती आहे. त्याच पॉलिसीत ‘परिणामी हानी’, म्हणजे आपत्तीमुळे थेट न होता तिच्या पाठोपाठ दुसऱ्या कारणाने झालेले नुकसान, आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. आता सिलिंडरमध्ये काय घडले ते पाहा. तुमच्यासारख्या इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साडेनऊ-दहा पटींनी दाबले जाते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, पिस्टन मधेच थांबतो, सेल्फ मात्र क्रँक फिरवत राहतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद उभ्या गाडीत पाणी शिरून रॉड वाकत नाही, तो वाकण्यासाठी कुणीतरी इंजिन फिरवावे लागते. कंपनीचे म्हणणे याच मुद्द्यावर उभे आहे आणि वाकलेल्या रॉडपुरते ते खोडून काढणे कठीण आहे.

मात्र इंजिनाचा सगळाच खर्च त्या एका झटक्याचा नसतो. गंजलेली बेअरिंग, पाण्याने गेलेला सेल्फ मोटर, निकामी झालेले इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, इंजिन उघडून धुण्याचा आणि तेल बदलण्याचा खर्च, हे सेल्फ मारला नसता तरी झालेच असते. ही पुराची थेट हानी आहे. गॅरेजकडून या दोन प्रकारच्या कामांचे वेगवेगळे अंदाजपत्रक करून घ्या, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा, नकाराची कारणे लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर त्यानंतर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही. सर्वेक्षक म्हणून मी स्वतः अशी विभागणी अनेकदा मान्य केलेली आहे.

ज्यांच्या गावात पाणी भरते त्यांनी इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसी नव्याने घेतानाच मागावी. आणि गाडी बुडाली तर चावी फिरवू नये, बॅटरीची तार सोडवावी, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत आणि गाडी उचलून न्यावी. मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामा करावा. तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर ते एकदा बदलून भागत नाही, रंग पूर्ववत होईपर्यंत बदलावे लागते.

प्रश्न : मी सामानाच्या पेट्या, क्रॅश गार्ड आणि जादा एलईडी दिवे बसवले आहेत. विमा कंपनीला कळवायला हवे का?
(एक वाचक, नाशिक)

हवे. कारखान्यातून न आलेल्या विद्युत उपकरणांची किंमत पॉलिसीत वेगळी लिहिली जाते आणि तिच्या ४ टक्के जादा हप्ता लागतो. विजेवर न चालणाऱ्या वस्तूंची किंमतही स्वतंत्र दाखवता येते. लिहिलेली नसेल तर अपघातानंतर पेट्यांचे पैसे मागता येत नाहीत. दिव्यांच्या तारा मूळ वायरिंग कापून जोडू नका. बॅटरीपासून स्वतंत्र तार, फ्यूज आणि रिले एवढे हवेच, कारण तारेच्या जोडातून लागलेल्या आगीचा दावा सर्वांत आधी संशयाने पाहिला जातो. आरसीवरचे मूळ वर्णन बदलेल असा कोणताही फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही, तेव्हा सायलेन्सर आणि चेसिस यांना हात लावू नये.

भरपाईचा हिशेबही माहीत असू द्या. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर निम्मा घसारा कापला जातो, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. मोटारसायकलीत पडल्यावर फुटते ते बहुतांशी प्लास्टिकच, म्हणून पहिली काही वर्षे ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारी जोड, घेणे मला योग्य वाटते. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, हप्ता वाचवण्यासाठी खाली ओढू नका. २ लाखांची गाडी तीन वर्षे पूर्ण झाल्यावर ४० टक्के घसाऱ्याने १ लाख २० हजारांची धरली जाते, आणि दुरुस्ती त्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ९० हजारांवर गेली की गाडी पूर्ण हानी समजली जाते.

पेट्यांत जड वस्तू तळाशी आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे येतील अशा ठेवा. मागच्या टोकावरच्या पेटीत हत्यारे आणि पाणी भरले की पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडल डुलू लागते. तिथे कपडे आणि रेनकोट ठेवावेत.

प्रश्न : भूतानला स्वतःच्या मोटारसायकलने जायचे आहे. भारतातली पॉलिसी चालते का?
(एक वाचिका, बेळगाव)

आपोआप चालत नाही. पॉलिसीचे क्षेत्र भारत असते. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपर्यंत ते जादा हप्ता भरून वाढवता येते. निघण्याआधी कंपनीकडून तशी लेखी नोंद पॉलिसीवर करून घ्या, ऑनलाइन नूतनीकरणात हा पर्याय बहुधा दिसत नाही, शाखेत जावे लागते. आरसी मूळ स्वरूपात जवळ ठेवा. भूतानमध्ये भारतीय प्रवाशाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, ते खर्चात धरा.

प्रश्न : मित्र माझी गाडी चार दिवसांसाठी मागतो आहे. अपघात झाला तर?
(एक वाचक, नागपूर)

त्याच्याकडे मोटारसायकलचा वैध परवाना असेल तर थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही लागू राहतात. तुमचा १५ लाखांचा मालक-चालक विमा मात्र तुमच्यापुरताच आहे, मित्राला त्यातून काही मिळणार नाही. गाडी देण्याआधी त्याला हे सांगा आणि त्याचा स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते विचारा. त्याच्याकडून भाडे म्हणून एक रुपयाही घेऊ नका. खासगी पॉलिसीत भाड्याने देणे बसत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा क्रमांक लागतो, जसा गोव्यात भाड्याच्या दुचाकींवर दिसतो. पेट्रोल त्याने भरून दिले तर हरकत नाही. दावा झाला तर तुमचा नो क्लेम बोनस जाईल. पाच वर्षे दावा न करता तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल, तर किती तोटा होईल हे पॉलिसी उघडून आजच पाहून ठेवा.